आबांचा दगड आणि माझा हँडब्रेक

आबा, आधी गाडीचं सांगते. बाकी सगळं नंतर. तुम्ही जिथे असाल तिथून पहिला प्रश्न तोच येणार, हे मला ठाऊक आहे. आई जेवतात का, तेराव्याला कोण आलं नि कोण नाही आलं, मागच्या खोलीचा पत्रा गळतोय तो बुजवला का, हे सगळं तुम्ही सावकाश विचाराल. आधी विचाराल, "सूनबाई, गाडी फिरीवली का? हुबी ऱ्हाऊन बॅटरी बसंल."

फिरवली नव्हती, आबा. फिरतच नव्हती ती. तुम्ही गेलात त्या सकाळी जिथे लावलीत तिथेच, आपल्या दारातल्या उतारावर, खाली बालवाडीकडे तोंड करून उभी होती. वरून पावसाची रिपरिप. घरात माणसांची ये-जा, दहावं, तेरावं. तिच्याकडे बघायला वेळ कुणाला होता? सगळं आटोपल्यावर सचिनने ती बाजूला घ्यायचं ठरवलं. (तुमच्यासमोर मी त्याला 'हे' म्हणायचे. आता लिहिताना सचिनच लिहिते, रागावू नका.) इंजिन चालू झालं, पण क्लच सोडला की गाडी कण्हायची, मागून दबल्यासारखी व्हायची आणि बंद पडायची. शेजारच्या दोघांना बोलावून ढकलून पाहिली. ढिम्म हलेना.

"जाम झाली," सचिन म्हणाला. "वय झालं तिचं. रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय. क्रेन आणून उचलून नेईल."

वय झालं. गेले कित्येक दिवस दारात येणारा प्रत्येक माणूस चहाचा कप हातात घेऊन तुमच्याबद्दल हेच बोलत होता. वय झालं होतं, सुटले, हाल नाही झाले. मी ऐकून घेत होते, कारण सुनेने ऐकून घ्यायचं असतं. पण गाडीबद्दल तेच ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

"कामून?" मी म्हटलं. रागात मला माझं बीडच आठवतं, तुम्हाला माहीतच आहे. "कामून द्यायची भंगारात?"

"मग ठेवून काय करायची? चालवणारा गेला ना."

"मी चालवते की!"

"तू आबा शेजारी बसले असताना चालवतेस," तो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "आणि मला ती दारात बघवत नाही गं."

त्याचं पहिलं वाक्य खरं होतं आणि दुसरं त्याहून खरं. लायसन येऊन इतके दिवस झाले, पण डाव्या सीटवर तुम्ही नसताना मी ती गाडी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंतसुद्धा नेली नव्हती. रविवारपर्यंत गाडी हलली नाही तर ती जाणार आणि तिच्याबरोबर माझं चालवणंही जाणार, एवढं मला तेव्हाच कळलं.

रोज सकाळचं आपलं कसं ठरलेलं होतं, आबा. मी आवरून बाहेर यायचे तर तुम्ही आधीच डाव्या सीटवर, डोक्याला तो पिवळा टॉवेल गुंडाळून. कंपनीच्या बसच्या थांब्यापर्यंत मी चालवायची, तुम्ही शेजारी बसून बोलणी ऐकवायची. तिथे मी उतरायचे, तुम्ही पलीकडे सरकायचे आणि गाडी घेऊन घरी जायचे. बस चाकणच्या रस्त्याला लागेपर्यंत तुमचे मागचे दिवे दिसत राहायचे. शेवटच्या सकाळीही तसंच झालं. उतरताना तुम्ही म्हणालात, "दुसरा गेर लई लवकर टाकतीस तू. इंजन रडतं." मी दार जरा जोरातच लावलं.

लोकांची माणसं जाताना काहीतरी सांगून जातात. पोराला सांभाळ, भांडू नका, असं काहीतरी. माझ्या वाट्याला दुसरा गिअर आला. फोन आल्यावर चाकणहून निघून ट्रॅफिकमध्ये अडकत अडकत घरी पोचले तोवर तुम्हाला खाली, चटईवर घेतलं होतं. त्या दिवसापासून रोज बसमध्ये बसल्यावर तेच वाक्य ऐकू येतं आणि खिडकीकडे तोंड करून रडू येतं. शेजारची सीमा आता विचारतही नाही, नुसता रुमाल पुढे करते.

तुमचं-माझं भांडण मात्र गिअरचं नव्हतंच. ते हँडब्रेकचं. सगळ्या आळीला माहीत होतं ते.

ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, गाडी थांबली की हँडब्रेक ओढायचा. मी आपल्या गाडीत ओढला तर तुम्ही असे दचकलात, जणू मी तुमचा कान ओढला. "सोड, सोड आधी!" मी ओढायचा आणि तुम्ही सोडायचा, असं किती दिवस चाललं! तुमची पद्धत वेगळी. गाडी गिअरमध्ये टाकायची, खाली उतरायचं, डिकीतून आईंच्या फुटक्या पाट्याचा तुकडा काढायचा आणि वाकून चाकाला लावायचा. निघताना पुन्हा वाकून काढायचा, झटकून डिकीत ठेवायचा. आई अजून म्हणतात, पाटा फुटला तेव्हा त्यांना वाईट वाटलं आणि तुम्हाला आनंद झाला.

"आबा, हा दगड कशाला वागवायचा? गाडीला हँडब्रेक दिलाय ना कंपनीने."

"आमच्या बैलगाडीला कुटं व्हता हँडबिरेक?"

"बैलगाडीला बैल होते आबा. ते उभे राहायचे."

यावर तुम्ही खो खो हसलात, पण दगड काही सोडला नाहीत. मग एकदा नीट सांगितलंत. भोसरीतून चाकणला माल टाकायचा तुमचा टेम्पो होता तेव्हाची गोष्ट. पावसात तो हँडब्रेक ओढून उभा ठेवला, आणि सकाळी मागचं चाक धरून बसलं. आतलं ब्रेकचं लायनर ओलं होऊन चाकामागच्या लोखंडी ड्रमला चिकटलं होतं. माल पोचला नाही, आणि कंपनीच्या गेटवर सगळ्यांदेखत तुमच्या अब्रूचं खोबरं झालं. तेव्हापासून तुम्ही हँडब्रेक कधी ओढला नाहीत. आपल्या घरात कुणीच ओढला नाही, आणि शेवटी मीही नाद सोडला. डॅशबोर्डवरचा त्याचा लाल दिवा कधीचा बंद पडला होता, तो दुरुस्त करायचंही कुणाच्या मनात आलं नाही.

त्या मॉलच्या तळघरात काय तमाशा झाला होता, आठवतंय? तो सिक्युरिटीवाला बिचारा म्हणाला, काका, इथे दगड चालत नाही, उचला. तुम्ही कमरेवर हात ठेवून त्याला विचारलंत, "मंग गाडी घरंगाळली तर तू धरशील का?" तिथे जमीन ताटासारखी सपाट होती, आबा! मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले, आणि मी लाजेने ओढणीत तोंड लपवून लिफ्टकडे पळाले. घरी येईपर्यंत तुमच्याशी बोलले नाही. मग तुम्हीच कोपऱ्यावर गाडी थांबवून भजी घेतलीत आणि दगड लावायला उतरलात, तेव्हा मला हसू फुटलं.

अलीकडे तुमचे गुडघे कुरकुरायला लागले होते. दगड लावून उठताना बॉनेटचा आधार घ्यायचात. मी ओट्यावरून बघायचे आणि माझा जीव खालीवर व्हायचा. एकदा मी सरळच विचारलं, "आबा, एखाद्या दिवशी वाकताच नाही आलं तर?"

"त्या दिशी वढीन तुझा हँडबिरेक. झालं समाधान?"

"कबूल?"

"कबूल. पन त्यो दिस यायचा न्हाई."

मी हसले होते त्यावर. तुम्हीही.

आता परवाचं सांगते. गुरुवार होता, कंपनीला सुट्टी. सचिन पहिल्या शिफ्टला गेलेला. गाडी जायचीच असेल तर तुमच्या वस्तू तरी काढून घ्याव्यात म्हणून मी एक पिशवी घेऊन बाहेर गेले. आई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. गाडीचं दार उघडलं आणि आत तुमचा वास आला, तंबाखूचा आणि त्या कापराच्या वडीचा. मग तुमचा चष्मा काढला, फणी काढली, चुन्याची डबी काढली. पिवळा टॉवेल दोन सीटच्या मध्ये पडला होता. तो उचलला.

खाली हँडब्रेक. पार वरपर्यंत ओढलेला.

माझा आधी विश्वास बसेना. सचिनने गाडी चालू केली, तिघांनी ढकलली, भंगारवाला ठरवला, आणि टॉवेल उचलून बघावंसं एकालाही वाटलं नाही! वाटणार कसं? आपल्या गाडीत हँडब्रेक कोणी ओढतच नाही, तर तो ओढलेला असेल हे सुचणार कुणाला? दुसऱ्या कुठल्याही घरात पहिल्यांदा तेच बघितलं असतं. आपल्याकडे ते शेवटी, तेही चुकून, दिसलं.

मग आला राग. मला वाटलं, हे कासारवाडीच्या बापूचं काम. त्या दिवशी आलेल्यांच्या गाड्या लावायला तोच पुढे पुढे करत होता. मी तिथूनच फोन लावला आणि तुमच्या पुतण्याला चांगलं फैलावर घेतलं.

"वहिनी, आईशप्पथ, मी गाडीला हात नाही लावला," तो म्हणाला. "चावी कुठं होती माझ्याकडं? काकांच्या खिशात होती ती. तुमीच काढून घेतली ना नंतर."

मी म्हटलं, बरं बरं, आणि फोन ठेवला. खोटं बोलतोय असंच वाटत होतं. मग बडबडत, ओढणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मी ब्रेक सोडायला गेले. तो सुटेना. इतका ताठ ओढलेला, की दोन्ही हातांनी अजून जरा वर खेचून बटण दाबावं लागलं, तेव्हा खाली गेला. एवढ्या ताकदीने कोण मेला ओढतो, असंही मी तोंडाने म्हटलं.

ब्रेक खाली गेला आणि मला वाटलं, झालं काम. क्लच दाबला, एक पाय ब्रेकवर तयार ठेवला, आणि मग तोही हळूच उचलला. उतारावर गाडी स्वतःहून पुढे सरकायला हवी होती. जागची हलली नाही. म्हणजे मागची चाकं अजून धरलेलीच होती.

तेव्हा तुमचा आवाज आला, आबा. खरंच आला असं नाही म्हणत मी, तेवढी वेडी नाही झाले. पण तुम्ही टेम्पोच्या गोष्टी सांगताना हजारदा बोललेलं ते, कानात बसलेलं. "रोग हातात हाय, तारेत हाय का चाकात हाय, ह्ये आधी वळखायचं. मंग हत्यार उचलायचं." गाडी गिअरमध्ये टाकून मी उतरले, डिकी उघडली. पाट्याचा तुकडा तिथेच होता. तो पुढच्या चाकाच्या पुढे, उताराच्या बाजूला घट्ट लावला. माझ्या हाताने पहिल्यांदा.

हातातला दांडा तर आता ढिला होता, वर-खाली सहज जात होता. तिथे रोग नव्हता. मग साडी खोचली, मागच्या बाजूने खाली वाकून दांड्यापासून चाकांकडे जाणारी तार चाचपली. ती गंजून अडकली असती तर दांडा सोडल्यावरही ताणलेलीच राहिली असती. पण हलवून पाहिली तर सैल. तारेतही नव्हता. राहिलं चाक. चाकाचे नट गाडी खाली असतानाच ढिले करायचे, हे तुम्हीच शिकवलेलं, पंक्चरच्या वेळी. नटावर पान्हा लावून वर उभी राहिले तेव्हा एकेक सुटला. जॅक लावून डावं मागचं चाक उचललं तर ते जरा घासत, कुरकुरत, पण फिरलं. उजवं उचललं. दोन्ही हातांनी जोर लावला. भिंत ढकलावी तसं. तिथे होता रोग.

आई मेथी सोडून माझ्याकडे बघत होत्या. "काय झालंय गं तिला?"

"कुणीतरी हँडब्रेक ओढून ठेवलाय, आई. पावसात चिकटलंय चाक. आबा असते तर त्याचा कान धरला असता त्यांनी."

"कुनीतरी कुटलं? त्येंनीच वढला की."

मी पान्हा खाली ठेवला. "आबांनी? आबा नाही ओढत आई कधी."

"त्या दिशी वढला. मला म्हनले न्हाई का! घरात आले, ओट्यावर बसले, अंगाला नुसता घाम. म्या म्हनलं काय व्हतंय, तर म्हनले पानी दे. पानी आनलं. येक घोट घेतला न् म्हनले, 'वाकवंना झालंय मला. खाली पोरं खेळत्यात म्हनून हँडबिरेक वढलाय. सूनबाईला तेवढं सांग.' म्या म्हनलं, मरूंद्या ती गाडी, तुमी आडवं व्हा आधी. मंग पुढचं तुला ठावंच हाय." आईंनी पदराने डोळे टिपले. मग एकदम माझ्याकडे घाबरून बघितलं. "सांगायचं ऱ्हाऊनच गेलं गं मला. लई म्हत्त्वाचं व्हतं का?"

"नाही आई," मी म्हटलं. "एवढं काही नाही. गाडीचंच होतं."

आणि गाडीच्या मागे जाऊन, त्यांना दिसणार नाही अशी, मी चिखलात बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले. आबा, तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा मी अशी रडले नव्हते. त्या दिवशी माणसं होती, पाणी तापवायचं होतं, फोन करायचे होते.

छातीत तसं होत असताना तुम्हाला उताराखालची पोरं दिसली. डिकीपर्यंत जाणं, दगड काढणं, वाकणं जमणार नाही हे कळलं. आणि तुम्ही तो दांडा धरला. टेम्पोनंतर जन्मात कधी न ओढलेला. होती नव्हती ती सगळी ताकद लावून ओढला असणार, म्हणून तर मला दोन हात लावल्याशिवाय सुटला नाही. आणि मी तो शिव्या देत सोडला. तुमच्या हाताने ठेवलेली ती शेवटची गोष्ट होती या घरातली, आणि मी ती बडबडत खाली घातली. माय गं. आधी कळलं असतं तर मी काय केलं असतं, कोण जाणे. बहुतेक त्या दांड्याला हात लावायची माझी हिंमतच झाली नसती आणि गाडी तशीच भंगारात गेली असती.

पण एक सांगा. "सूनबाईला तेवढं सांग" म्हणजे काय सांगायचं होतं? ओढलाय, वेळेत सोड, नाहीतर चिकटेल, हे? की ओढला बघ एकदाचा, तू म्हणत होतीस तसा, हे? मी परवापासून दोन्ही बाजूंनी विचार करतेय. तुमचा स्वभाव बघता पहिलंच असेल. पण कबूल म्हणून तुम्ही शब्दही दिला होतात. बसमध्ये कधी एक खरं वाटतं, कधी दुसरं. एवढं मात्र झालं, की आता दुसरा गिअर ऐकू येत नाही. तुमचं शेवटचं बोलणं माझ्यासाठी होतं, आणि ते पोचायला थोडा उशीर झाला, एवढंच.

रडून झाल्यावर मी उठले. काम अर्धवट टाकलेलं तुम्हाला चालत नाही. चाक काढलं, ते गाडीच्या पोटाखाली सरकवून ठेवलं, जॅक घसरला तर गाडी त्यावर बसावी म्हणून. ड्रमवर लाकडाचा ठोकळा धरला आणि हातोडीने ठोकायला सुरुवात केली. कडेवर नाही, मधल्या तोंडावर, फिरत फिरत, सगळीकडे सारखं. "रागानं मारायचं न्हाई. दारावर थाप मारावी तसं." आळीतली दोघं-तिघं येऊन उभी राहिली. खालच्या आळीतले वाघमारे म्हणाले, "वहिनी, मेकॅनिक बोलवा राव, हे बायकांचं काम नाही." मी म्हटलं, "भाऊ, मग तुम्ही जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय." आई ओट्यावर बसूनच हसल्या. तेरावं झाल्यापासून पहिल्यांदा.

बराच वेळ नुसता बद्द आवाज येत राहिला. आणि मग आत कुठेतरी टक्क झालं. लाल गंजाची भुकटी खाली सांडली. हात लावला तर ड्रम फिरला. मी तो उगाचच कितीतरी वेळ फिरवत राहिले.

चाक बसवलं, जॅक उतरवला, दोन्ही चाकांचे नट आवळले, दगड काढून डिकीत ठेवला. आई म्हणाल्या, "येकटी जातीस?" मी म्हटलं, "बघते." पिवळा टॉवेल डाव्या सीटवर घडी करून ठेवला आणि बसले. बालवाडीपाशी वळले, इंद्रायणीच्या बाजूच्या रस्त्याने नव्या सोसायट्यांना वळसा घातला. दुसरा गिअर मुद्दाम उशिरा टाकला, आबा. इंजिन रडलं नाही. डावीकडे बघितलं, सवयीने. मग पुढे बघितलं.

तुम्ही मला शिकवलंत, हे तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचात, "तिची ती शिकली. म्या नुसता बसायचो शेजारी." बीडहून आले तेव्हा मला या गावात रस्ता ओलांडता येत नव्हता. आईबापांनीही कधी मला सायकल दिली नाही, आणि तुम्ही मोकळ्या प्लॉटवर नेऊन गाडी हातात दिलीत, खांबाला घासली तरी ओरडला नाहीत. दिवाळीला माझ्या माहेरी गाडी घेऊन जायचं ठरलं होतं. मी चालवणार, तुम्ही शेजारी. माझ्या बापाला दाखवायचं होतं तुम्हाला, पोरगी कशी चालवते ते. मीही कधी तुम्हाला म्हटलं नाही की आबा, तुमच्यामुळे झालं. आता म्हणते. तुमच्यामुळे झालं.

परत आले तेव्हा तुम्ही दाखवल्याप्रमाणे मागच्या चाकांजवळ हाताची पालथी बाजू धरून बघितली, लेकराच्या कपाळाला लावतो तशी. एक गरम लागलं असतं तर ते अजून घासतंय म्हणून समजायचं होतं. दोन्ही सारखीच कोमट होती. तेवढ्यात सचिन शिफ्ट करून आला. गाडीचं तोंड आता चढाकडे होतं, ते बघून तो मोटारसायकलवर बसूनच राहिला. मी सगळं सांगितलं. आईंकडे ठेवलेला तुमचा निरोपही सांगितला. तो खाली उतरला, चाकाजवळ बसला आणि पालथा हात धरून बघितला, अगदी तुमच्यासारखा. त्याला कळलंही नसेल की तोही हे तुमच्याकडूनच शिकलाय. मग नाक पुसून म्हणाला, "भंगारवाल्याला नको म्हणून कळवतो." आणि फोन काढून बाजूला गेला.

आबा, आपलं भांडण मी सोडवू शकत नाही. तुमचं म्हणणं खरं निघालं, पावसात तो चिकटलाच. माझंही खरं निघालं, त्या सकाळी दगड नव्हता तेव्हा त्यानेच गाडी धरली आणि खालची पोरं खेळत राहिली. तुम्ही असतात तर या एका गोष्टीवर आपण पुढची दिवाळी काढली असती.

सचिन फोनवर बोलत होता आणि मी गाडी नीट लावायला पुन्हा आत बसले. बंद केली, गिअरमध्ये टाकली. हात आपोआप हँडब्रेकवर गेला. धरला. तुम्ही जिथे धरला असेल तिथेच. थोडा वेळ धरून ठेवला आणि सोडून दिला. उतरले, डिकी उघडली, दगड काढला, चाकाच्या मागे लावून पायाने घट्ट बसवला.

ओढला नाही, आबा. मला वाकता येतंय अजून.